रुग्णभरती: नवशिक्यांसाठी सोपी पद्धत

अनेक केंद्रांवर चालणाऱ्या औषधचाचणीचं काम तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर आधी अभिनंदन. सुरुवात फिजिबिलिटी फॉर्मपासून करा. ‘महिन्याला चाचणीत बसतील असे किती रुग्ण मिळतील?’ या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक डॉक्टर ओपीडीतली गर्दी आठवून देतो. ते उत्तर जसंच्या तसं एक्सेलमध्ये उतरवा. वय, क्रिएटिनिन, आधीची औषधं आणि घरच्यांचं ‘विचार करून सांगतो’ यांतून किती उरतील, असं विचारू नका. विचारणाऱ्याला पुढच्या मीटिंगला बोलावत नाहीत. चाचणी सुरू झाली की रुग्ण गायब होतात आणि संपली की पुन्हा हजर. अमेरिकी औषधशास्त्रज्ञ लुई लसान्या यांच्या नावाने याला ‘लसान्याचा नियम’ म्हणतात. नियमच असल्यामुळे ठपका तुमच्यावर येत नाही.

काही केंद्रांतून एकही रुग्ण येणार नाही. ती बंद करू नका. तिथले सर नामांकित आहेत.

रँडमायझेशन, म्हणजे कोणता रुग्ण कोणत्या गटात हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवणं, प्रत्येक केंद्रात वेगळं, चार-चारच्या ब्लॉकमध्ये करा: दर चौघांत दोन्ही गटांना दोन-दोन. एक-दोन रुग्णांवर अडकलेल्या केंद्रांत ब्लॉक अर्धवट राहतील आणि गटांचा समतोल कागदावरच राहील. कोणाला काय मिळतंय हे उघड असेल, तर हुशार कोऑर्डिनेटरला चौथ्या रुग्णाचा गट आधीच कळतो. राहू द्या, तेवढाच त्याला विरंगुळा.

आता मुख्य युक्ती: जे केंद्र जितके रुग्ण भरेल, तितके भरू द्या. तक्ता वेळेत पूर्ण होतो, स्पॉन्सर खूश होतो. ‘टॉपकॅट’ चाचणीचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. हृदयाचं पंपिंग मोजमापात ठीक, तरीही हार्ट फेल्युअर, अशा रुग्णांना स्पायरोनोलॅक्टोन देऊन पाहायचं होतं. 2006 ते 2012 या काळात सहा देशांत 3,445 रुग्ण भरले. त्यांतले 1,678 केवळ रशिया आणि जॉर्जिया या दोन देशांतले. 2014 मध्ये निकाल आला: मुख्य निकषावर ठोस फायदा नाही.

मग आकडे प्रदेशवार मांडले गेले. प्लॅसिबो गटात अमेरिका खंडांतल्या चार देशांत 31.8 टक्के रुग्णांच्या बाबतीत हृदय किंवा रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू, थांबलेलं हृदय पुन्हा सुरू करावं लागणं किंवा हार्ट फेल्युअरसाठी रुग्णालयात भरती यांपैकी काहीतरी घडलं होतं. रशिया-जॉर्जियात हाच आकडा 8.4 टक्के. एवढे ठणठणीत हृदयरोगी क्वचितच पाहायला मिळतात! 2017 मध्ये साठवलेल्या रक्ताच्या तपासणीचे निष्कर्ष छापून आले. स्पायरोनोलॅक्टोन गटातल्या, ‘गोळी घेतोय’ अशी नोंद असलेल्या रशियातल्या 30 टक्के रुग्णांच्या रक्तात त्या औषधाचा अंशही सापडला नाही. अमेरिका-कॅनडात हे प्रमाण 3 टक्के होतं. अमेरिका खंडांतल्या रुग्णांत औषधाचा फायदा दिसत होता, पण तो नंतरच्या विश्लेषणात. तोवर निकाल लागून गेला होता.

तात्पर्य नवशिक्याला सोयीचंच आहे: मागे पडलेलं केंद्र फक्त उशीर करतं, पुढे पळणारं केंद्र निकाल ठरवतं. म्हणून सगळा राग मागच्यांवर काढा, रोज सकाळी त्यांना ई-मेल पाठवा आणि पहिल्या नंबरला ट्रॉफी द्या.

सोपी पद्धत इथे संपली. अवघड हवी असेल, तर एका केंद्राने आणि एका देशाने जास्तीत जास्त किती रुग्ण भरायचे, हे सुरुवातीलाच लिहून घ्या आणि मॉनिटरला सर्वांत आधी पहिल्या नंबरच्या केंद्रावर पाठवा.