इंडेक्सराव

अंधेरी-गोरेगावच्या पट्ट्यात जिथे जिथे एसीच्या गारठ्यात माणसं हेडफोन लावून बसलेली असतात, तिथे एक इंडेक्सराव असतोच. हुद्दा असिस्टंट साउंड एडिटरचा. पोरं त्याला ‘दादा’ म्हणतात, दिग्दर्शक ‘अरे’ म्हणतात. मे महिन्यातही अंगात जॅकेट आणि टेबलावर हार्ड डिस्कची उतरंड. प्रत्येक डिस्कवर लेबल आणि लेबलाखाली बारीक अक्षरात धमकी: ‘नाव बदलू नये’.

या धमकीमागे इतिहास आहे. एकदा एका हौशी पोराने डिस्कवरच्या मुख्य फोल्डरचं नाव ‘साउंड्स’चं ‘साउंड्स न्यू’ केलं. सॉफ्टवेअरने यादीत सगळे जुने पत्ते जपून ठेवले होते. त्या पत्त्यांवर आता कुणीच राहत नव्हतं. शोधलं की नाव दिसायचं, वाजवलं की शांतता. इंडेक्सराव त्या पोराला काही बोलला नाही. फक्त पुढचे दोन महिने त्याला नाव विचारून हाक मारली.

कुणी नवखा “दादा, डिस्कमध्ये सर्च मारू का?” म्हणाला की त्याचं प्रवचन सुरू होतं. “डिस्क उपसायची नसते रे बाळा. सॉफ्टवेअरला एकदाच सगळ्या फाइली वाचू द्यायच्या. नाव, लांबी, सॅम्पल रेट, आत लिहिलेलं वर्णन, सगळं डेटाबेसात उतरतं. मग शोध फक्त तिथे. लाख फाइली असल्या तरी तुझं टायपिंग संपायच्या आत उत्तर हजर. पण आत वर्णनच नसेल, तर मशीन काय पत्रिका बघून सांगणार?”

म्हणून वर्णन लिहिणं हे त्याचं खरं लेखन. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने १९९७ मध्ये ब्रॉडकास्ट वेव्ह हे ऑडिओ फाइलचं स्वरूप आणलं, त्यात वर्णनाला जागा २५६ अक्षरांची, तीही रोमन. एवढ्यात त्याने कोकणातला अख्खा पावसाळा बसवलाय. पत्र्यावरचा, केळीच्या पानांवरचा, ताडपत्रीवरचा, ‘लांबून बेडूक, ०:३७ ला कुणीतरी शिंकतं’. २०२० मध्ये आवाजांची वर्गवारी करणारी युनिव्हर्सल कॅटेगरी सिस्टीम आली, ८२ वर्ग आणि साडेसातशेच्या वर पोटवर्ग घेऊन, तेव्हा त्याने पेढे वाटले. पत्र्याचा पाऊस मुकाट्याने ‘पाऊस-धातू’त गेला. कौलांवरच्या पावसाचं घोडं मात्र अजून अडलंय. त्यावर तो जेवणाच्या सुट्टीत कुणाशीही वाद घालतो, डबा आणून देणाऱ्याशीसुद्धा.

त्याचं दैवत साउंड डिझायनर बेन बर्ट. १९५१ च्या ‘डिस्टंट ड्रम्स’ या सिनेमासाठी रेकॉर्ड झालेली एक किंकाळी बर्टला वॉर्नर ब्रदर्सच्या जुन्या रिळांत सापडली, आणि १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’पासून ती ‘विल्हेम स्क्रीम’ म्हणून जगभर ओरडत सुटली. इंडेक्सरावला त्या किंकाळीचं कौतुक नाही. कौतुक आहे ते रिळावरच्या मजकुराचं. मगर माणसाला खातेय असं त्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. “आपल्याकडचा कुणी ‘फायनल फायनल टू’ लिहून मोकळा झाला असता!”

एवढी जय्यत तयारी, आणि समोर दिग्दर्शक.

“अरे, दरवाजा जरा उदास हवा.”

“सागवानी की प्लायचा, सर?”

“उदास रे.”

इंडेक्सराव शांतपणे टाइप करतो. आणि मिळतोही! एका जुन्या वाड्याच्या दिंडीदरवाजाच्या वर्णनात त्याने कधीतरी, पहाटेच्या वेळी असणार, ‘उदास’ लिहून ठेवलेलं असतं. दिग्दर्शक ऐकतो, मान हलवतो आणि म्हणतो, “मागच्या एपिसोडचाच टाक.” ‘रेन’ शोधताना ‘ट्रेन’ आणि ‘ड्रेन’ही निघतात हे इंडेक्सराव सहन करतो, कारण ती मशीनची चूक. शंभर एपिसोड झाले तरी एकच दरवाजा करकरतोय, हे मात्र त्याला लागतं. मला विचाराल तर प्रेक्षकांना आता त्याच दरवाजाची सवय झालीय. दुसरा वाजला तर घरात चोर शिरला असं वाटेल.

स्वतःच्या लग्नात त्याने रेकॉर्डर भाच्याच्या हातात दिला होता. सोमवारी कामावर आला, हळद अजून उतरली नव्हती, आणि दुपारपर्यंत फाइल लायब्ररीत होती: ‘गर्दी, मंगल कार्यालय, आतून, अक्षता, टाळ्या, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, १:१२ ला नवरदेव खोकतो’. शोधात पहिलीच येते, त्यामुळे ज्या मालिकेत लग्न असेल तिथे हीच लागते. गेल्या वर्षभरात त्याचं निरनिराळ्या चॅनेलांवर इतक्यांदा लग्न लागलंय की बायकोने मोजणं सोडलं. त्याची तक्रार वेगळीच आहे. कुणीतरी त्यातला खोकला कापून फाइल परत सेव्ह केली, आणि वर्णन बदललं नाही.