डब्लिनमध्ये मेहुणे

डब्लिन पायी बघावं असं सगळेच सांगतात. शहर आटोपशीर आहे, चढउतार फारसे नाहीत आणि बघण्यासारखं बरंचसं लिफी नदीच्या दोन्ही काठांवर हाकेच्या अंतरात आहे. फक्त सोबत कोण आहे, हे कुणी विचारत नाही. आमच्या सोबत मेहुणे होते.

मेहुणे म्हणजे सौ.चे थोरले बंधू. कऱ्हाडकडच्या एका हायस्कुलात इतिहास शिकवण्यात हयात गेली. निवृत्त झाले ते शाळेतून, सनावळीतून नाही. त्यांचा मुलगा डब्लिनला कॉम्प्युटरच्या नोकरीत, त्याच्याकडे आम्ही तिघं उतरलो होतो. वडिलांना घरात बसवलं तर ते शेजाऱ्यांना बोलावून पानिपत समजावून सांगतील अशी धास्ती त्याला असावी. त्याने ऐतिहासिक पदयात्रेची तीन तिकिटं काढली, आम्हाला ट्रिनिटी कॉलेजच्या फाटकापाशी आणून सोडलं आणि मीटिंग आहे म्हणून पसार झाला.

गाईड इतिहासात पीएच.डी. करणारी एक तरतरीत पोरगी होती. अंगात पातळसं जाकीट, डोकं उघडं आणि वर पाऊस. तिथला पाऊस आपल्यासारखा एकदा पडून मोकळा होत नाही. तो पडतोय की नाही याबद्दल दुमत व्हावं इतपतच पडतो आणि तासाभराने आपण बनियनपर्यंत भिजलेलो असतो. "हिची आई हिला काही बोलत नाही का रे दादा?" सौ.ने विचारलं. शिवाय ती पोरगी आमच्याकडे तोंड करून उलटी चालायची. फुटपाथची कड आली की सौ.चा श्वास अडकायचा.

बाकी मंडळींत पूर्वजांचं गाव शोधायला आलेलं एक अमेरिकन जोडपं होतं, आणि वह्या घेऊन आलेले दोन जर्मन. वह्या दिसताच मेहुण्यांनी खिशातून डायरी काढली. मी मनात म्हटलं, झालं.

ट्रिनिटीच्या फाटकाशी दोन पुतळे आहेत, एक गोल्डस्मिथ, दुसरा एडमंड बर्क. गाईडने सुरुवात केली. कॉलेज १५९२ चं, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या सनदेचं. सॅमन नावाचे एक प्रमुख होते, त्यांचं म्हणणं असं की आपण जिवंत असेपर्यंत इथे बायकांना प्रवेश नाही. १९०४ च्या जानेवारीत ते वारले आणि त्याच वर्षी मुली वर्गात येऊन बसल्या. "शब्दाचा पक्का माणूस," सौ. म्हणाली.

मेहुण्यांचं लक्ष नव्हतं. ते कानटोपी काढून बर्कसमोर उभे होते. वॉरन हेस्टिंग्जवर पार्लमेंटात खटला भरणारा तो हा बर्क! गाईडने विचारलं, तुम्हाला हे कसे माहीत? बस्स. राघोबादादांचा वकील हणमंतराव १७८१ साली विलायतेला गेला, तिथे त्याच्या सोवळ्याओवळ्याचे हाल झाले, तेव्हा बर्कने त्याला आपल्या घरी नेलं आणि बागेतलं काचघर स्वयंपाकाला मोकळं करून दिलं, ही हकिकत मेहुण्यांनी कऱ्हाडी इंग्रजीत साग्रसंगीत सांगितली. सोवळ्याला त्यांनी इंग्रजीतही 'सोवळं'च म्हटलं. पोरीने ते मोबाइलवर टिपून घेतलं. जर्मनांनीही घेतलं. अमेरिकन बाईंनी विचारलं, हणमंतराव आयरिश होते का?

समोरच रस्त्यापलीकडे बँक ऑफ आयर्लंडची भव्य खांबांची इमारत आहे. मुळात ती बँक नव्हतीच, आयर्लंडचं पार्लमेंट होतं. दोन सभागृहांसाठी म्हणून मुद्दाम बांधलेली ही जगातली पहिली इमारत. १७९९ मध्ये इथल्या सभासदांनी इंग्लंडमध्ये विलीन व्हायला नकार दिला आणि १८०० मध्ये त्याच सभागृहाने होकार देऊन स्वतःला बरखास्त करून घेतलं. मधल्या काळात काय झालं? कुणाला सरदारक्या मिळाल्या, कुणाला पेन्शनी, आणि जे मतदारसंघ रद्द होणार होते त्यांच्या मालकांना एकेका मतदारसंघामागे १५,००० पौंड नुकसानभरपाई.

"खोके," मेहुणे माझ्या कानात म्हणाले.

पुढे इमारत बँकेला विकताना अट घातली गेली, की कनिष्ठ सभागृहाचं दालन मोडून टाकायचं, म्हणजे पुन्हा कुणी तिथे येऊन बसायला नको. वरिष्ठांचं दालन मात्र शाबूत आहे. "वरिष्ठांपासून कधीच कुणाला धोका नसतो," हे मेहुणे मोठ्याने म्हणाले. त्यांनी हयात दोन मुख्याध्यापकांच्या हाताखाली काढली होती.

टेंपल बार या पबांच्या वस्तीतून आम्ही झपाझप गेलो. तिथे सकाळीच लोक इतिहास घडवायला बसले होते.

डब्लिन कॅसल १२०४ मध्ये जॉन राजाच्या हुकमाने बांधायला घेतलेला. मेहुण्यांना 'कॅसल' म्हटल्यावर तटबंदी, बुरूज, चोरदरवाजा हवा होता. एक गोल बुरूज सोडला तर सगळा मामला कलेक्टर कचेरीसारखा, आणि कामही बहुतेक तेच, सातशे वर्षं इंग्रजांचा कारभार इथूनच चालला. फाटकावर न्यायदेवता उभी आहे, १७५१ ची. डोळ्यांवर पट्टी नाही. तोंड किल्ल्याकडे आणि पाठ शहराकडे, त्यावर डब्लिनकर तेव्हापासून टोमणे मारत आलेत. पण खरी गंमत तिच्या तराजूची. पाऊस पडला की पारड्यांत पाणी साचायचं आणि न्याय एका बाजूला झुकायचा. उपाय म्हणून पारड्यांना भोकं पाडली. आता पाणी गळून जातं आणि तराजू समतोल राहतो.

"वजनही गळून जात असेल मग," सौ. म्हणाली. पोरगी इतकी हसली, की उलटी चालता चालता खरंच अडखळली.

याच देवतेच्या शेजारच्या मनोऱ्यातून १९०७ साली राजमुकुटाचे म्हणवले जाणारे जडजवाहीर चोरीला गेले. त्यासाठी खास कोठार बांधलं होतं. तिजोरी आणली तर ती कोठाराच्या दारातून आत जाईना. मग ठेवली बाहेर पुस्तकांच्या खोलीत. राजा सातवा एडवर्ड भेटीला यायच्या तोंडावर तिजोरी उघडून बघतात तो रिकामी. आसपास पोलीस, लष्कर, सगळा बंदोबस्त. आजपावेतो एक हिरा सापडलेला नाही. "दार मोजलं नव्हतं?" मेहुण्यांनी विचारलं. त्यांच्या शाळेत प्रयोगशाळेचं कपाट असंच व्हरांड्यात राहिलं होतं, त्यामुळे प्रश्नाला अनुभवाची धार होती.

१९२२ च्या जानेवारीत इंग्रजांनी इथेच किल्ला मायकेल कॉलिन्सच्या ताब्यात दिला. कॉलिन्सला यायला सात मिनिटं उशीर झाला. इंग्रज अधिकाऱ्याने तसं सुनावताच तो म्हणाला म्हणे, की आम्ही सातशे वर्षं थांबलो, तुम्ही सात मिनिटं थांबा. "यावर इतिहासकारांचा विश्वास नाही, माझाही नाही," पोरगी म्हणाली, "पण ही गोष्ट सांगितली नाही तर लोक टिप देत नाहीत." मी तिची बाजू घेतली. १९१६ पर्यंत डब्लिनचं घड्याळ लंडनच्या पंचवीस मिनिटं मागे चालायचं, त्या साली ते लंडनशी जुळवून टाकलं. मुंबईकरांनी आपली ३९ मिनिटांची वेगळी मुंबई वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. ज्यांनी पंचवीस मिनिटं खाल्ली त्यांनी सातांचा हिशेब मागू नये.

एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं, की ही पोरगी एकही विजय सांगत नाहीये. बंड झालं, फसलं. कट शिजला, फुटला. आणि सांगताना चेहरा असा, की घरच्या लग्नातली फजिती रंगवून सांगतेय. आपल्याकडे गडावर गाईड घेतला तर हरलो असं कधी नसतंच, फितुरी झालेली असते. मेहुण्यांनी उभी हयात तेच शिकवलं. त्यामुळे ते जरा बेचैन दिसत होते.

आणि मग रॉबर्ट एमेट आला. ट्रिनिटीतून काढून टाकलेला पंचविशीतला पोरगा. १८०३ च्या जुलैत त्याने हाच किल्ला घ्यायचा बेत केला. कोटाखाली लपवता याव्यात म्हणून मधोमध दुमडणारे भाले करवून घेतले. स्वतःला हिरवा गणवेश, सोनेरी झालर. ऐनवेळी हातगोळ्यांच्या वाती सापडेनात. तटावर लावायच्या शिड्यांपैकी एकच तयार. हजारो माणसं येणार होती, आली ती मूठभर, त्यांतलीही काही प्यायलेली. किल्ल्यापर्यंत कुणी पोचलंच नाही, रस्त्यातच मारामारी होऊन खेळ आटोपला. २० सप्टेंबरला टॉमस स्ट्रीटवर त्याला फाशी दिलं, वर शिरच्छेद केला. त्याचं प्रेत कुठे आहे ते आजही कुणाला ठाऊक नाही.

"अठराशे तीन? वीस सप्टेंबर?" मेहुणे थबकले. "दाजी, तेवीस सप्टेंबर म्हणजे काय?"

मला काय माहीत?

"असई!"

आणि डब्लिन कॅसलच्या अंगणात, भर पावसात, असईची लढाई सुरू झाली. छत्री मिटून तिच्या टोकाने मेहुण्यांनी फरशीवर केळणा आणि जुई या दोन नद्या काढल्या. मधल्या बेचक्यात शिंद्यांच्या कवायती पलटणी, शंभरावर तोफा. सौ.ची पर्स म्हणजे असई गाव. मला जुईपलीकडे उभं केलं. "अँड हू वॉज अवर कमांडर? पोहलमन! अ जर्मन!" दोन्ही जर्मनांनी वह्यांतून माना वर काढल्या आणि उगाचच अपराधी चेहरे केले. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले कुठे होते? ऐन लढाईत घोडदळासकट निघून गेले! हे सांगताना मेहुणे चक्क हसले. इतक्या वर्षांत असई सांगताना ते हसल्याचं सौ.लाही आठवत नव्हतं.

"अँड हू डिफीटेड अस?" छत्री आता थेट पोरीवर रोखलेली. "आर्थर वेलस्ली! बॉर्न सेव्हन्टीन सिक्स्टी नाइन, डब्लिन! युवर मॅन!"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, आम्ही त्याला आमचा मानत नाही. तबेल्यात जन्मला म्हणून कुणी घोडा होत नाही, असं आमचे पुढारी ओ'कॉनेल त्याच्याबद्दल बोलून गेलेत.

"मग फीनिक्स पार्कात त्याचा ६२ मीटरचा स्तंभ कशाला उभारला?"

"उभारला, पण १८१७ ला सुरू केला आणि १८६१ ला संपवला. मधे पैसे संपले. आमच्या परीने आम्ही विरोध केलाच."

यावर मेहुण्यांनी तिच्याशी हस्तांदोलन केलं. त्यानंतर दोघं बरोबरीने चालू लागले, म्हणजे ती उलटी आणि हे सुलटे.

क्राइस्ट चर्च कॅथीड्रलपाशी तिने डर्मट मॅकमरोची गोष्ट काढली. लेन्स्टरचा हा राजा ११६६ मध्ये गादीवरून हुसकला गेला आणि गादी परत मिळवायला इंग्लंडच्या राजाकडे मदत मागायला गेला. तिथून स्ट्राँगबो आणि त्याचे नॉर्मन आले ते आलेच. "राघोबादादा!" मेहुणे ओरडले, "सुरतेचा तह, सतराशे पंचाहत्तर!" आता ते घरातली भांडी स्वखुशीने बाहेर आणून वाजवत होते. स्ट्राँगबोची कबर कॅथीड्रलमध्ये आहे. पूर्वी शहरातले व्यापारी तिच्यापाशी देणीघेणी चुकवत. १५६२ मध्ये छप्पर कोसळून कबर फुटली, पण करारात जागा तीच लिहिलेली, म्हणून दुसराच एक दगडी पुतळा आणून तिथे ठेवला. तळघरात एक मांजर आणि एक उंदीरही आहे. मांजर उंदरामागे ऑर्गनच्या नळीत शिरलं, दोघंही अडकले आणि वाळून तसेच राहिले. सौ.ला सगळ्या दौऱ्यात तेवढंच आत जाऊन बघायचं होतं आणि नेमकं आत जायचं नव्हतं.

खाली फिशॅम्बल स्ट्रीट. १३ एप्रिल १७४२ ला संगीतकार हँडेलचा 'मसाया' पहिल्यांदा इथे झाला. गर्दी मावावी म्हणून बायकांनी घागऱ्याखालचे घेर आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवून यावं, अशी जाहीर विनंती केली होती. त्या उत्पन्नातून १४२ कर्जबाजारी कैदी सुटले. आठवण म्हणून तिथे हँडेलचा पुतळा आहे, ऑर्गनच्या नळ्यांवर उभा, संपूर्ण नग्न.

"आधी ही पोरगी, आता हा," सौ. म्हणाली. "या गावात कुणाला थंडीच वाजत नाही."

वूड कीला व्हायकिंगांचं मूळ गाव जमिनीतून वर आलं होतं. ते वाचवायला १९७८ मध्ये वीसेक हजार लोकांचा मोर्चा निघाला, आणि महापालिकेने त्याच जागी आपल्या कचेऱ्या बांधल्या. मेहुण्यांनी इथे काहीही विचारलं नाही. महापालिकेचं त्यांना समजतं.

नदी ओलांडून पोस्टापाशी आलो. १९१६ च्या ईस्टरच्या सोमवारी बंडवाल्यांनी पोस्ट ताब्यात घेतलं, पॅट्रिक पियर्सने बाहेर येऊन प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला. इंग्रज अधिकारी घोड्यांच्या शर्यतीला गेले होते. जनतेने मिठाईची दुकानं लुटली. तिकडे सेंट स्टीफन्स ग्रीन बागेत माळ्याला बदकांना दाणे घालता यावेत म्हणून दोन्हीकडचा गोळीबार थांबवला जाई. पुढे पुढाऱ्यांना गोळ्या घातल्या, तो भाग तिने हसत सांगितला नाही. मेहुण्यांनी डायरीत लिहिलं आणि तिला हळूच सांगितलं, की तुमच्या बंडाच्याच महिन्यात बेळगावात टिळकांनी होमरूल लीग काढली, नाव तुमच्याकडून घेतलं.

पोस्टासमोर पूर्वी नेल्सनचा खांब होता, लंडनच्या खांबाहून तीसेक वर्षांनी थोरला. ८ मार्च १९६६ च्या रात्री कुणीतरी नेल्सन उडवून दिला. माणूस एकही दगावला नाही. उरलेलं खुंट लष्कराने रीतसर सुरुंग लावून पाडलं आणि त्यात बंडखोरांपेक्षा जास्त काचा फुटल्या, असं डब्लिनकर आजही छातीठोकपणे सांगतात. नेल्सनचं डोकं विद्यार्थ्यांनी पळवलं, ते बायकांच्या मोज्यांच्या जाहिरातीतही झळकलं, आणि आता एका वाचनालयात मुकाट बसलंय.

त्या जागी २००३ पासून १२० मीटर उंच स्टीलची सुई उभी आहे. मेहुण्यांनी मान मागे टाकून ती वरपर्यंत पाहिली. कानटोपी पडली.

"हे कुणाचं स्मारक?"

"कुणाचंच नाही."

"जयंती वगैरे?"

"नाही."

मेहुण्यांना हे पटेना. आपल्याकडे एवढा खांब मोकळा राहिला असता तर वरच्या जागेसाठी चार समित्या, दोन मोर्चे आणि एक कोर्टाची स्थगिती तरी झाली असती. "पण वर कुणाला तरी बसवणार असतील ना?"

"शेवटी जो बसला होता त्याचं आत्ताच सांगितलं," पोरगी म्हणाली. "तेव्हापासून कुणी अर्ज केलेला नाही."

मेहुण्यांनी खिशातून वीस युरोची नोट काढून तिच्या हातावर ठेवली. सौ.ने नोट पाहिली, दादाकडे पाहिलं, मनातल्या मनात रुपये केले आणि मला विचारलं, "यात चहा होता का?"