लाइट असताना घ्यायचा पाठ

(तंत्रस्नेही होऊ इच्छिणाऱ्या छात्राध्यापकांसाठी, विशेषतः शिराळा पश्चिम भाग)

डी.एल.एड.च्या आंतरवासितेसाठी ज्याच्या वाट्याला शिराळा तालुक्यातली शाळा आली, त्याने पहिल्या दिवशी दोन वस्तू जवळ बाळगाव्यात: एक रेनकोट आणि एक बत्तीस जीबीचा पेनड्राइव्ह. सोळाचाही चालतो, चौसष्टचाही चालतो. पण बत्तीस शिराळ्यात दुसरा आकडा शोभत नाही. रेनकोट स्वतःसाठी नाही, लॅपटॉपसाठी आहे. कोकरूड मागे टाकून चरण-आरळ्याकडे निघालात की आषाढातला पाऊस वरून पडायचा सोडून आडवा येतो. तुम्ही भिजलात तर वाळाल. लॅपटॉप भिजला तर वडिलांना फोन करावा लागेल.

शाळेत पोचल्यावर "इथे टीव्ही आहे का?" असे विचारून हसे करून घेऊ नये. टीव्ही असतोच. तो मोठ्या गुरुजींच्या खोलीत, लोखंडी कपाट आणि तांदळाची पोती यांच्या मधोमध भिंतीवर असतो. त्याला जुन्या नऊवारीचे शिवून घेतलेले झाकण असते आणि झाकणाखाली ऑइलपेंटमध्ये 'सप्रेम भेट' असते. खाली दात्यांची नावे, आणि सगळ्यांना मिळून एकदाच 'मुंबई'. या डोंगरी पट्ट्यातली कित्येक घरे मुंबईच्या मनिऑर्डरीवर उभी राहिली, तेव्हा शाळेच्या भिंतीवरही मुंबई दिसणारच. पंख्याच्या तीन पात्यांवर तीन भावांची नावे असतात. पंखा जोरात फिरला की एकाचेही वाचता येत नाही, म्हणून गावजत्रेला भाऊ आले की पंखा एक नंबरवर ठेवावा. दसऱ्याला पाटीपूजनाबरोबर टीव्हीलाही हळदकुंकू लागते; ते पुसताना ओला फडका वापरू नये. सरस्वतीच्या कृपेने आलेले ठिपके पडद्यावर वर्षभर राहतात आणि नकाशा शिकवताना त्यांतला एक बरोबर नागपूरवर येतो.

आता विजेविषयी. पुस्तकात 'वीज' असते, तालुक्यात 'लाइट' असते. वर्गात शिरण्याआधी ती आहे की नाही हे बटण दाबून पाहणारा अजून शहरातच आहे असे समजावे. जाणकार माणूस उंबऱ्यावर उभा राहून कान देतो. पिठाच्या गिरणीचा पट्टा फटफटत असेल तर लाइट आहे, आणि खुशाल चित्रफीत लावावी. गिरणी गप्प असेल तर दोनच शक्यता: लाइट गेली आहे किंवा गिरणीवाला जेवायला गेला आहे. दुसऱ्या शक्यतेवर सराव पाठ आखू नये. वायरमनचा नंबर केंद्रप्रमुखांच्या नंबरच्या वर साठवावा आणि त्याला 'दादा' म्हणावे. 'साहेब' म्हटले की आपण नवखे आहोत हे त्याला कळते.

पाठ टाचणे दोन लिहावीत. निळ्या शाईत लाइट असतानाचे. त्याच वहीच्या मागच्या पानावर, वही उलटी धरून, लाइट नसतानाचे. पहिल्यात शैक्षणिक साधने या रकान्यात 'स्मार्ट टीव्ही, ध्वनिचित्रफीत, दीक्षा ॲप' असे सुवाच्य लिहावे. दुसऱ्यात 'खोका, दोन काठ्या, कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूची पट्टी' लिहावे. ज्यांना खोक्याचा टीव्ही माहीत नाही त्यांनी आपल्या घरातल्या कुणाही जुन्या डी.एड.वाल्याला विचारावे. बिस्किटाच्या खोक्याला चौकोन कापायचा, आत वर-खाली काठ्या घालायच्या, चित्रांची पट्टी गुंडाळायची आणि काठी फिरवत गोष्ट सांगायची. त्याला रेंज लागत नाही, मात्र काठी उलटी फिरली तर कावळा चिमणीच्या आधी मेणाचे घर बांधतो.

इथे थोडा इतिहास येऊ द्यावा, कारण निरीक्षकांना तो आवडतो. १९८७ मध्ये खडू-फळा मोहीम आली, तेव्हा प्रत्येक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि जरुरीपुरते साहित्य मिळावे एवढीच मागणी होती. म्हणजे फळा हेसुद्धा एके काळी वर मागून घ्यावे लागणारे तंत्रज्ञानच होते. त्याच्याही आधी, १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. दूरदर्शनवर मुलांना शिकवणारी ती संस्था २०१७ मध्ये बंद पडली. त्याच २०१७ मध्ये दीक्षा आले. एक गेले, एक आले. मोठे गुरुजी मात्र तेच होते.

दीक्षेसाठी पाठ्यपुस्तकावर छापलेला तो काळापांढरा चौकोन मोबाइलला दाखवायचा असतो. आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांत असे क्यूआर कोड घातले आणि २०२० मध्ये ग्लोबल टीचर पुरस्कार मिळवला. सुमारे सात कोटी रुपये, त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटून टाकले. ही बातमी पालकांनाही ठाऊक आहे. त्यामुळे तुम्ही पुस्तकापुढे मोबाइल धरलात की खिडकीतून बघणारा एखादा आजोबा "ह्यास्नी किती मिळत्यात?" असे विचारतो. उत्तर देऊ नये. छात्राध्यापकाला काय मिळते हे त्याला कळले तर नातवाला शाळेतून काढील.

कोड दाखवला की मोबाइलवर एक गोल फिरू लागतो. तो फिरत असताना मुलांकडून पाढे म्हणून घ्यावेत. सोळाचा पाढा संपेपर्यंत गोल थांबला नाही तर मोबाइल घेऊन शाळेमागच्या पाण्याच्या टाकीवर चढावे, कारण वारणेपलीकडचा टॉवर तिथून दिसतो. शहाणा माणूस आदल्या रात्री घरीच चित्रफीत उतरवून आणतो. मी शहाणी नव्हते, पण त्या दिवसापुरती उतरवून आणली होती.

त्या दिवसाबद्दल सांगणे भाग आहे, कारण सगळे मार्गदर्शन तिथूनच आले. वारणाकाठची द्विशिक्षकी शाळा, तिसरी-चौथी एकत्र, परिसर अभ्यास, घटक 'सरपटणारे प्राणी'. टाचणातल्या पूर्वज्ञानाच्या रकान्यात मी लिहिले होते: 'विद्यार्थ्यांनी साप पाहिलेला आहे.' शिराळा तालुक्यात हे वाक्य लिहिणारी व्यक्ती परीक्षेला बसू देण्याच्या लायकीची नाही, हे मला नंतर कळले. पाठीमागच्या बाकावर मार्गदर्शक सर वही उघडून बसले. गिरणी चालू होती. मी नऊवारी बाजूला केली, पेनड्राइव्ह खोचला आणि पडद्यावर एक भला मोठा नाग उभा राहिला. हिंदीत निवेदन, पाठीमागे पुंगी.

दहा सेकंद शांतता. मग दुसऱ्या रांगेतून: "म्याडम, ह्यो नाग न्हाई."

"का रे?"

"फडीवर धाचा आकडा कुठं हाय?"

मी पडद्याकडे पाहिले. नव्हता. आपल्याकडच्या नागाच्या फडीवर मागून दिसणारा दहाचा आकडा त्या प्राण्याला नव्हताच. मी कुठल्याशा दूरच्या जंगलातला नागराज आणून बसवला होता. आता वर्ग माझ्याकडे उरला नाही. एक मुलगी म्हणाली, तो पुंगी ऐकून डोलत नाही, पुंगी हलते तिच्यावर नजर ठेवतो. दुसरा म्हणाला, "आमच्या आज्यानं लई धरल्यात. आता कोर्टानं बंद केलंय." तेही खरेच होते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यावर बोट ठेवून उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शिराळ्याच्या नागपंचमीतले जिवंत नाग थांबवले. २०२५ च्या पंचमीला केंद्राने एकवीस नाग पकडायची परवानगी दिली ती पूजेसाठी नव्हे, तर अटी घालून, शैक्षणिक कारणासाठी. म्हणजे साऱ्या महाराष्ट्रात ज्याला दिल्लीहून मंजुरी लागते असे एकच शैक्षणिक साधन आहे आणि ते आपल्या तालुक्यात बिळात राहते. खरेदी समिती नाही, वॉरंटी नाही.

तेवढ्यात गिरणी थांबली. पडदा काळा झाला आणि त्यात नऊवारी खांद्यावर घेतलेली मी दिसले.

अशा वेळी काय करावे याचे नियम आहेत. घाबरू नये. "लाइट आली की पुढचं बघू" असे म्हणू नये. मुलांना ते वाक्य जन्मल्यापासून पाठ आहे. मी टाचण उलटे केले, पण मागच्या पानावरच्या खोक्याची गरजच पडली नाही. आकड्यावरून ज्याने मला अडवले होते त्याने पाटी घेतली, पेन्सिल जिभेला लावली आणि फडी काढली: आधी उभी मान, मग दोन्ही बाजूंना सुपासारखा फुगवटा, आणि मधोमध शून्याची गाठ बारकाईने जुळवत दहा. पाटी वर धरून तो वर्गभर फिरला. धामण आणि नाग यांत फरक कसा करायचा, साप चावला तर मांत्रिकाकडे न जाता दवाखान्यात का जायचे, हे त्यांनीच एकमेकांना सांगितले. मी अधूनमधून "शाब्बास" म्हणत होते. मार्गदर्शक सरांनी शेरा लिहिला: 'विद्यार्थी सहभाग उत्तम. तंत्रज्ञानाचा वापर वाढवावा.'

आता खऱ्या कामाकडे वळू. चित्रफीत, टीव्ही, कोड ही तोंडी लावणी आहेत. तंत्रस्नेही छात्राध्यापकाची गरज शाळेला असते ती लिंक भरण्यासाठी. रोज साडेअकराच्या सुमारास केंद्राच्या ग्रुपवर 'अतितात्काळ' असा शब्द पडतो आणि मोठे गुरुजी प्रेमाने हाक मारतात, "म्याडम, तुम्ही नव्या दमाच्या. एवढं भरून टाका." पोषण आहारात आज किती जेवले, कुणाचे आधार जुळत नाही, झाडे किती लावली, त्यातली जगली किती. हे काम नाकारू नये. या कामामुळेच गुरुजींचा विश्वास बसतो आणि टीव्हीच्या खोलीची किल्ली मिळते.

त्या संध्याकाळचीही एक लिंक होती: 'आजच्या पाठात वापरलेले डिजिटल साधन'. खाली निवडायला पर्याय होते. स्मार्ट टीव्ही निवडावा तर तो थोडाच वेळ चालला होता, आणि नागही चुकीचा होता. टॅब्लेट शाळेत नव्हता. पाटी हा पर्याय नव्हता. अशा प्रसंगी 'इतर' निवडावे. 'इतर' निवडले की 'फोटो जोडा' असे येते, म्हणून पाटी पुसू न देता आधीच बाजूला काढून ठेवावी आणि पोराला दुसरी द्यावी. फोटो काढताना पाटीला खिडकीचा उजेड घ्यावा, दहाचा आकडा स्पष्ट यायला हवा. नंतर तो पाठवण्यासाठी टाकीवर चढावे. चपला खालीच काढाव्यात. तिसऱ्या पायरीवर शेवाळ आहे.