आप्पांची खरी झाडं

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा तपासण्यात आप्पांची 35 वर्षं गेली. निवृत्त होऊन ते म्हसरूळला, डोंगराच्या पायथ्याशी राहायला आले. नजर मात्र प्रेसमध्येच राहिली. नर्सरीत गेले की रोप उचलतात, पान उन्हाकडे धरतात आणि एक डोळा मिटतात. शिरांमध्ये वॉटरमार्क शोधल्यासारखे! "बोगनवेल? ब्राझीलची. नकली. गुलमोहर? मादागास्कर. नकली. गिरिपुष्प? मेक्सिकोचं. ते तर बंडलांनी खपवलंय!" सातपूरला फाशीच्या डोंगरावर 2015 पासून देशी झाडांची देवराई वाढते आहे. ती आप्पांची रिझर्व्ह बँक.

होळीच्या आसपास म्हसरूळच्या डोंगरावरचं वाळलेलं गवत पेटतं. एका वर्षी धग कुंपणापर्यंत आली. त्याच रात्री आप्पांनी कॅलेंडरच्या पाठीवर बाग आखली. घराभोवती 10 फुटांची जाळरेषा. तिथे काडी दिसता कामा नये. तिच्या कडेला कोरफडीची दुहेरी रांग, कारण रसरशीत पान चटकन पेट घेत नाही. पलीकडे अडुळसा, कुडा, कुंपणाला करवंद आणि टोकाला पळस. तो होरपळला तरी बुडापासून पुन्हा फुटतो. प्रत्येक रोपाशेजारी पाण्याचं मडकं पुरलेलं. "पहिली दोन वर्षं मडकं. पुढे ज्याचं त्यानं बघायचं," असं रोपांना बजावून झालेलं.

जाळरेषेसारखी स्वच्छ, उन्हाची जागा काकूंना आयतीच मिळाली. त्यांनी तिथे कुरडया घातल्या.

"अगं, जाळरेषेवर ज्वालाग्राही पदार्थ?"

"पेटल्या तर तळायचं तेल वाचेल!"

परवा शेजारचा नववीतला पोरगा कुंपणावरून म्हणाला, "आप्पा, कोरफड मूळची अरबस्तानातली आहे. आजच वाचलं."

काकूंचा कुरडया उलटणारा हात थांबला. आप्पांनी सावकाश एक पान तोडलं. उन्हाकडे धरलं. उलटवलं. काठावरून अंगठा फिरवला. पिवळसर रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला, तरी तपासणी चालूच.

"जुनी सिरीज आहे," शेवटी ते म्हणाले, आणि पान हलकेच पुन्हा रांगेत ठेवलं. "पण चलनातून बाद केलेली नाही."