अथ मफिनव्रत

हे व्रत कोणी करावं? ज्याच्या रक्ततपासणीच्या कागदावर एखादा आकडा ठळक छापून आला आहे, त्याने करावं. ज्याचे सगळे आकडे जागच्या जागी आहेत, पण ज्याला शेजारणीने जिन्यात गाठून ‘आम्ही तर मैदा घरात आणतच नाही हो’ असं ऐकवलं आहे, त्याने तर अवश्य करावं. कधी करावं? भांडी घासायची पाळी दुसऱ्या कोणाची असेल त्या दिवशी. मिक्सरच्या पात्याखाली अडकलेलं दाण्याचं लोणी काढणं हा या विधीतला सर्वांत प्रदीर्घ भाग आहे आणि कुठल्याच पाककृतीत त्याचा उल्लेख नसतो.

संकल्प सोपा आहे: मैदा वर्ज्य, पांढरी साखर वर्ज्य. मराठी माणसाला हे जड जाऊ नये. गहू-तांदूळ-डाळ टाळून दिवसभर खात राहण्याचं शास्त्र आपण एकादशीच्या निमित्ताने पिढ्यान्‌पिढ्या घोटलं आहे. राजगिरा चालतो, शिंगाडा चालतो, दक्षिण अमेरिकेतून आलेल्या कंदाचा साबुदाणाही चालतो. चपाती मात्र चालत नाही. एकादशी अन् दुप्पट खाशी हे या शास्त्राचं मूळ सूत्र. मफिनव्रत ही त्याचीच नवी शाखा समजावी.

मैद्याला घराबाहेर काढण्यापूर्वी तो बिचारा मफिनात काय करत होता, ते पाहून घ्यावं. पाणी लागलं की त्यातल्या प्रथिनांचं ग्लुटेन बनतं, उष्णतेने स्टार्च फुगतो, आणि दोघं मिळून सोड्याचे बुडबुडे धरून ठेवतात. मैदा गेला की ही सगळी जबाबदारी अंड्यावर येते. अंड्यातली प्रथिनं तापून घट्ट होतात आणि बुडबुडे जिथल्या तिथे अडकतात. म्हणजे या घरात आता अंडं हाच कर्ता पुरुष.

इथेच अर्धे भक्त गळतात. आमच्याकडे अंडं चालत नाही म्हणणाऱ्यांनी मैदा, निदान कणीक चालवून घ्यावी. दोन्ही नको असा हट्ट धरला, तर कागदी वाटीतून चमच्याने जे काढावं लागेल ते केळ्याचं गरम शिकरण असेल. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं. (भिजवलेल्या जवसाची पूड अंड्याच्या जागी चालते हे खरं, पण सोबत पीठ असताना. एकट्या जवसावर भार टाकला की मफिन वरून तपकिरी आणि आतून गिचगिचीत.)

सामग्री: अडीचशे ग्रॅम शेंगदाणे, दोन पिकलेली केळी, दोन अंडी, पन्नास ग्रॅम किसलेला गूळ, अर्धा चमचा खायचा सोडा, चमचाभर लिंबाचा रस, चिमूटभर मीठ आणि थोडं जायफळ. काही जण शेंगदाण्यांऐवजी बदाम घ्यायला सांगतात. त्यांनी वाण्याचं बिलही भरावं. केळी सालीवर काळे ठिपके पडलेली हवीत. पिकताना केळ्यातल्या स्टार्चची साखर होते आणि ती आपल्या खात्यावर चढत नाही.

दाणे मंद आचेवर खमंग भाजावे, गार झाले की चोळून पाखडावे. फोलपटं ओट्यामागे जाऊन बसतील, बसू द्यावीत. मग दाणे मिक्सरमध्ये फिरवावे. आधी कूट होतं. मराठी हात सवयीने इथेच थांबतो, कारण खिचडी, कोशिंबीर, भरली वांगी या सगळ्यांचा मुक्काम हाच. आज थांबायचं नाही. पुढे कूट दमट होऊन भांड्याच्या कडेला चढतं, मग त्याचा गोळा होतो, मिक्सरचा सूर बदलतो आणि मोटारीचा वास येऊ लागतो. बटण बंद करावं, कडा उलथन्याने खरवडाव्या, मोटार निवली की पुन्हा फिरवावं. घरातलं कोणी तरी ‘मिक्सर जाळणार आज’ असं म्हणेपर्यंत हे चालू ठेवावं. मग अचानक तो गोळा ढिला पडतो, चकाकतो आणि ओघळू लागतो. दाण्यात निम्म्याच्या आसपास तेलच असतं, ते आता बाहेर आलं. या लोण्यात केळी, अंडी, गूळ, मीठ आणि जायफळ घालून एकजीव करावं. सोडा आणि लिंबू अगदी शेवटी. ते दोघं भेटल्याबरोबर कामाला लागतात आणि तुमचा ओव्हन तापला आहे की नाही याची वाट पाहत नाहीत.

आता गुळाविषयी. साखर सोडून गुळाकडे वळलेला माणूस एकदम सात्त्विक दिसू लागतो, आणि आवाजही खाली आणतो. हिशेब मात्र असा आहे की 100 ग्रॅम साखरेत 400च्या आसपास कॅलरी असतात आणि 100 ग्रॅम गुळात 380च्या. गुळाचा बहुतेक भाग सुक्रोजच, म्हणजे ज्या साखरेशी आपण नुकतं भांडण केलं तीच. बरोबर थोडे क्षार, थोडा ओलावा आणि चव. चव मात्र खरी आहे, तिच्याविरुद्ध एक शब्द बोलायचा नाही. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात काहिलीत रस उकळताना भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी वर आणतात आणि काढून टाकतात. पण गिऱ्हाईकाला गूळ पिवळाधमक लागतो, म्हणून कित्येक ठिकाणी रसायन घालून तो उजळ करतात. मग त्याच गिऱ्हाईकाला कोणी तरी ज्ञान देतं, आणि तो जास्त पैसे मोजून काळपट, बिनरसायनाचा गूळ शोधत हिंडतो. मफिनासाठी हा काळपट गूळच घ्यावा. रंग तसाही आत जाऊन लपतो.

मध घातला तर सुटका होईल का? नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली साखरेविषयी जी मार्गदर्शक सूत्रं काढली, त्यांत मध, सिरप आणि फळांच्या रसातली साखरही मोजायला सांगितली आहे, आणि अशी सगळी मिळून दिवसाच्या उष्मांकाच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवायला. सुटलं ते अख्ख्या फळातलं. म्हणून केळं हे या व्रताचं खरं दैवत. गुळाला नैवेद्यापुरतंच ठेवावं.

वरच्या सामग्रीत बारा मफिन होतात. दाण्यांचे 1400, केळी आणि गुळाचे मिळून 400, अंड्यांचे 150. म्हणजे दर मफिनला 160 कॅलरींच्या आसपास. प्रथिनं भरपूर, पोटही चांगलं भरतं, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. फक्त मैद्याचा मफिन खाताना मनाला एक टोचणी असायची, आणि तिच्यामुळे माणूस एकावर थांबायचा. त्या पदार्थातला सर्वांत आरोग्यदायी घटक तोच होता. नव्या पाककृतीतून नेमका तोच गळाला आहे.

भाजणं थोडक्यात. ओव्हन 180 अंशांवर दहा मिनिटं आधी तापवावा. वाट्यांना आतून तेलाचं बोट फिरवून त्या पाऊणच भराव्या आणि 15 ते 18 मिनिटं भाजाव्या. पहिली बारा मिनिटं दार उघडून कौतुक करू नये, मफिन मध्ये बसतात. काडी मधोमध खुपसून कोरडी निघाली की झालं. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं हात लावू नये. घट्ट व्हायला त्यांना तेवढा वेळ लागतो. ओव्हन नसेल त्यांनी जुन्या पिढीच्या कूकरात, शिट्टी आणि रिंग काढून, मंद आचेवर करावे. वेळ जास्त लागतो आणि वरचा रंग येत नाही.

दाण्यांची ॲलर्जी असलेलं कोणी घरात असेल म्हणून सूर्यफुलाच्या बिया वापरणार असाल, तर एक सूचना. त्या बियांतलं क्लोरोजेनिक आम्ल सोड्याशी मिळालं की मफिन गार होता होता आतून हिरवा पडतो. अपाय काही नाही, पण पाहुण्यांसमोर तो मोडू नये. सोडा कमी आणि लिंबू थोडं जास्त घातलं तर हिरवेपणा आटोक्यात राहतो.

वाटपाचे नियम दोन. दाणे आहेत हे आधी सांगावं, पौष्टिक आहे हे खाऊन झाल्यावर. उलट केलं तर लोक औषधापुरता तुकडा मोडतात आणि उरलेला कागदात गुंडाळून परत ठेवतात. आजी अंडं खाणारी असेल तर तिलाही द्यावा. ‘दाण्याच्या लाडवात अंडं कशाला घातलंस रे?’ असं तिने विचारलं तर शास्त्रार्थ करत बसू नये. लाडवाला ओव्हन लागत नाही, बारा कागदी वाट्या लागत नाहीत, हे मुद्दे ती त्यानंतर काढणारच आहे. त्याआधी तिच्यासाठी चहा टाकावा, आणि साखर किती ते तिलाच विचारावं.