ब्रेक नंतर, आधी दिवे

हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला. केंद्राच्या 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज ठरायला गाडीची पहिली नोंदणी पन्नास वर्षांपूर्वीची लागते. म्हणजे इथेच पहिल्यांदा नोंदलेली गाडी 2049 पर्यंत तरी व्हिंटेज होणार नाही. तोवर तिला जुनाट म्हणायचं!

नियमाची गंमत पुढेच आहे. चासी, बॉडी आणि इंजिन मूळचं हवं, त्यात मोठा फेरफार चालत नाही. ब्रेकचं नावही तिथे नाही. शिवाय अशी गाडी रोज चालवायची नाही. रॅली, प्रदर्शन, संशोधन, पेट्रोल आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच बाहेर काढायची.

पण हौशी माणूस ब्रेकपाशी थांबतोय कुठे? पुढच्या बंपरवर आधी चार जादा दिवे चढतात. वायर थेट स्विचला, रिले नाही. जुना डायनॅमो गाडी हळू असताना पुरेशी वीजच देत नाही, त्यामुळे औंढा नागनाथच्या वळणावर उजेड नेमका मंदावतो. ब्रेक ड्रमचेच, बऱ्याच जुन्या गाड्यांत चारही चाकांना एकच तेलवाहिनी, ती एका जागी गळली की पेडल थेट खाली.

वसमतच्या रस्त्यावर गळीत हंगामात मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली पुढे असते. चार दिव्यांत ती लख्ख दिसते. थांबायचं कसं, ते मात्र मालकाने गॅरेजवाल्याला विचारलेलंच नसतं.

तेव्हा दिव्यांचे पैसे आधी ब्रेकच्या मास्टर सिलिंडरवर घाला.