साडेतेहतीस तासांची एकादशी

मुंबई ते न्यूयॉर्क अंतर साडेबारा हजार किलोमीटर भरतं. आईला हे सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. "असेल," म्हणाली आणि एक खडा बाजूला टाकला. तिचा प्रश्न वेगळाच होता. "निघायचं आषाढीला. मग उपवास सोडायचा कधी?"

तिकिटावर रात्री एकला सुटून त्याच दिवशी सकाळी साडेसातला पोचणार, असं होतं. "म्हणजे साडेसहा तास. तेवढे तर पुण्याहून विमानतळ गाठायलाच लागतात." बोरघाटातल्या पावसानं तिचा शब्द जवळजवळ खरा केला. साडेपाच तास आम्ही एकाच ट्रकच्या मागच्या बाजूला लिहिलेलं 'पुन्हा भेटू' वाचत होतो.

विमान हवेत असतं सोळा तास. उरलेले साडेनऊ तास घड्याळं खातात, आणि ते जमा होतात एकादशीच्या खात्यात. तिथी सूर्योदयावर ठरते हे खरं, पण आईची एकादशी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत राहते. ती मुंबईच्या मध्यरात्री लागणार आणि न्यूयॉर्कच्या मध्यरात्री सुटणार. चोवीस अधिक साडेनऊ. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ते कुणीतरी पश्चिमेला जाताना सुचलेलं असावं. आईनं राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा बदलून मोठा घेतला.

समोरच्या पडद्यावरचं इवलंसं विमान उत्तरेकडे निघालेलं पाहून ती दचकली. "अमेरिका पश्चिमेला ना रे?" सपाट नकाशा हा असा थापाड्या आहे. घरी पृथ्वीच्या गोलावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत शिवणाचा दोरा ताणून पाहिला होता. तो रशिया, नॉर्वे करत आइसलंडला जातो आणि ग्रीनलंडच्या शेपटाला घासून खाली उतरतो. गोलावरची जवळची वाट ती हीच.

मग सूर्य उगवला आणि तिथंच थांबला. आई स्तोत्र म्हणायला बसली होती. ते झालं, दुसरं झालं, एक लाडू झाला, तरी तो आपला क्षितिजाच्या कडेवर टेकलेला, तांबूस. त्या उंच अक्षांशावर पृथ्वीच्या फिरण्याचा वेग ताशी आठशे किलोमीटरच्याही आत येतो आणि विमान जातं नऊशेनं. सूर्याला वर चढायला आम्ही सवडच देत नव्हतो. "याचाही उपवास दिसतोय," आई म्हणाली.

तिला पंढरपूर आठवलं असणार. आळंदीहून माउलींची पालखी ज्या अडीचशे किलोमीटरना अडीच आठवड्यांहून अधिक घेते, ते हे विमान सतरा मिनिटांत उरकतं. मी कौतुकानं सांगितलं. तिनं विचारलं, "मग वाटेत भेटतं कोण?" शेजारचा गृहस्थ डोळ्यांवर पट्टी लावून घोरत होता.

न्यूजर्सीत ताईनं दारातच विचारलं, "काय खाशील?" आईनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं, त्यात पुण्याचे संध्याकाळचे साडेसहा वाजून गेले होते. स्वयंपाकघरातल्या घड्याळात सकाळचे नऊ. ती खुर्चीत बसली आणि डबा उघडला. तळाशी दोन लाडू होते.

रात्री तिनं मला बोलावलं. येताना वारा पाठीशी असतो, दोन तास वाचतात, आणि पूर्वेकडे येताना दिवसही आखूड होतो, हे माझ्याकडून तिनं पुन्हा एकदा वदवून घेतलं. बोटांवर काहीतरी मोजलं.

"परतीचं तिकीट," ती म्हणाली, "कार्तिकीचं बघ."